नऊ दिवस पाण्यावर, पाच फेऱ्या पाळीवर

शाळेतली प्लॅस्टिकची खुर्ची माझ्याखाली मोडली, तीही दाखल्यांसाठी पोरांची रांग खिडकीसमोर उभी असताना. मी शाळेचा लिपिक. गावात मला सगळे बाबूजी म्हणतात. पोरं हसली नाहीत, हेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेलो.

अर्जुनी मोरगावात आमच्या घराजवळच्या तलावाच्या पाळीवर एक निवृत्त पीटी मास्तर रोज साडेपाचला शिट्टी घेऊन उभे असतात. सातआठ पोटं सुटलेली माणसं त्यांच्या शिट्टीवर चालतात, पळतात, वाकतात. चार महिन्यांत मीही पाळीच्या पाच फेऱ्या न थांबता मारू लागलो. मग नवरात्र आलं.

मास्तरांनी घटस्थापनेच्याच सकाळी जाहीर केलं, "उपास पोटाले आहे, पायाले नाही. सुट्टी कोणालेच मिळणार नाही."

मग कोण काय पाळणार याची चढाओढ सुरू झाली. एक जण नऊ दिवस अनवाणी पळणार होता. एकानं मीठ सोडलं होतं. पाळीवर माझ्या जोडीनं चालणारा किराणा दुकानदार फक्त फळांवर राहणार होता. मास्तरांनी मला विचारलं, "बाबूजी, तुम्ही कायवर?"

मी काहीच ठरवलं नव्हतं. घरी साबुदाणा अजून भिजत होता, म्हणून नुसतं पाणी पिऊन आलो होतो. म्हणालो, "सध्या तं पाण्यावरच आहो."

मास्तरांनी शिट्टी मारली. "ऐका गा सगळे! बाबूजी नऊ दिवस नुसत्या पाण्यावर, अन् वरून पाच फेऱ्या!"

टाळ्या पडल्या. चूक सुधारायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी शोधतच होतो, तेवढ्यात टाळ्या संपल्या आणि आम्ही पळायला लागलो.

घरी बायको वडे तळत होती. तिला उपास झेपत नाही. ती सरळ भात खाते आणि देवीला हात जोडते. झालेला प्रकार मी तिला सांगितला.

"मंग हे वडे कोण खाईन?"

"मीच."

"अन् पाण्यावर कोण आहे?"

"वड्यावर पाणी पिईन ना."

ती इतकी हसली की एक वडा करपला. तोही मीच खाल्ला.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी जितकं खाल्लं तितकं एरवी कधी खात नाही. सकाळी वडे, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चारला शिंगाड्याचा शिरा, रात्री तुपात परतलेले बटाटे. शिवाय पाच फेऱ्या रिकाम्या पोटी होत नाहीत हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तेव्हापासून पँटच्या खिशात कागदात बांधलेले दाण्या-गुळाचे दोन लाडू असत. पाळीच्या पलीकडच्या टोकाला मोहाचं झाड आहे. बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं मी त्या झाडामागे बसत असे. इतक्या वेळा नाडी सुटणारा माणूस त्या पाळीवर दुसरा नव्हता, पण कोणी शंका घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी माझा पळतानाचा फोटो गावच्या मोबाइल ग्रुपवर फिरला. शाळेत मुख्याध्यापकांनी स्वतः मला खुर्ची पुढे केली, लाकडी. लोक गुपित विचारू लागले. "मन घट्ट पाहिजे," मी सांगे. "भूक पोटात नसते, डोक्यात असते." हे मी शिरा खाऊन सांगे. देवीच्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. अष्टमीला माझा सत्कार करायचा आणि 'उपवास आणि व्यायाम' यावर मी पाच मिनिटं बोलायचं, असं ठरलं. मी तीनदा नाही म्हणालो, पण असं की ते नम्रपणासारखं ऐकू यावं.

तिसऱ्याच दिवशी सकाळी पाळीवर दुकानदार मला म्हणाला होता, "बाबूजी, आजपासून मीबी पाण्यावर. तुमच्यानं होते तं माझ्यानं काऊन नाही होणार?"

"तुम्हाले दुकान आहे, दिवसभर उभं राहा लागते."

"तुम्हाले हापिस नाही का?"

"जपून करा," मी म्हणालो. तेवढंच.

भोळा माणूस. दिवसभर साबुदाणा, भगर, राजगिरा गिऱ्हाइकांना तोलून द्यायचा आणि स्वतः पाण्याचा घोट घ्यायचा. पाचव्या दिवशी त्याचे ओठ पांढरे दिसत होते. मी म्हटलं, "साखर टाकून निंबूपाणी तरी घ्या."

त्यानं विचारलं, "तुम्ही घेता का?"

"नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतंच ते. निंबूपाणी मी घेत नव्हतो.

सहाव्या दिवशी तिसऱ्या फेरीत तो खाली बसला आणि पाळीच्या उतारावर गवतात आडवा झाला. शुद्ध होती, पण अंगाला दरदरून घाम सुटला होता. मास्तर ओरडले, "गोड पाहिजे! कोणाजवळ काही आहे का?"

सगळे उपासाचे. कोणाजवळ काय असणार?

माझा हात लगेच खिशात गेला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी आधी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावरून कोणी येतं का, कोणाजवळ एखादी गोळी निघते का. काही निघालं नाही. मग मी कागद काढला.

त्यानं लाडवाकडे पाहिलं. त्या अवस्थेतही विचारलं, "उपासाचं आहे ना?"

"दाणे अन् गूळ. चालते."

हळूहळू त्यानं दोन्ही लाडू खाल्ले. चेहऱ्यावर रंग आला. मग तो म्हणाला, "बाबूजी, हे तुमच्या खिशात कायले जी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. "मी रोज खातो," मी म्हणालो. "जेवतोबी. पहिल्या दिवसापासून."

मास्तर त्याला मोटारसायकलवर बसवून डॉक्टरकडे घेऊन गेले. जाताना त्यानं वळून पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी मी अध्यक्षांकडे जाऊन सत्कार रद्द करा म्हणालो. त्यांनी कारणही विचारलं नाही. "आता कसं जमन? बॅनर छापून आलं."

अष्टमीला माइकवर त्यांनी सांगितलं, "स्वतः पाण्यावर राहून दुसऱ्यासाठी खिशात लाडू बाळगणारा माणूस आपल्या गावात आहे!" पाळीवरची गोष्ट गावभर होईतो अशी होऊन बसली होती. मला शाल, नारळ आणि माइक मिळाला. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. म्हणालो, "मी पाण्यावर नव्हतो. ते लाडू माझेच होते. या नवरात्रात माझं वजन दीड किलोनं वाढलं."

मंडप हसून हसून लोटपोट झाला. टाळ्या थांबेनात. "मोठेपणा घ्यायचाच नाही म्हणते, पाहा," अध्यक्ष म्हणाले. खाली उतरलो तर दोन बाया पाया पडल्या.

घरी येताना बायको म्हणाली, "खरं बोलायची वेळ असते. तुमची पहिल्याच दिवशी निघून गेली."

दसऱ्याला सोनं द्यायला मी दुकानदाराकडे गेलो. गिऱ्हाईक सरेपर्यंत त्यानं मला उभं ठेवलं. मग म्हणाला, "तुम्ही खाल्लं याचा राग नाही मले. पण निंबूपाणी घेता का, मी विचारलं होतं."

"हो."

"तीन दिवस मी बायकोवर खेकसून राहिलो. तिनं फळं कापून पुढं ठेवली तं मी ताट लोटलं. बाबूजीच्यानं होते, मले काऊन जमत नाही? वाटे, माझ्यातच काही खोट आहे."

भूक डोक्यात असते वगैरे काही मला आठवलं नाही. "खोट माझ्यात होती," मी म्हणालो.

"मले नका सांगू. आत जाऊन तिले सांगा."

मी आत गेलो. त्याची बायको पुऱ्यांची कणीक मळत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिनं कणकेतले हात न काढता ऐकून घेतलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "पाण्यावर राहणारा माणूस इतका बोलत नाही. पण ह्यायले सांगून ऐकू येते का?" मग म्हणाली, "बसा. पुऱ्या खाऊन जा."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुकानदार पाळीवर आला. पहिल्या दोन फेऱ्या माझ्या पुढेच चालला. तिसऱ्या फेरीत त्यानं चाल जराशी मंद केली.