टायरला पलटी

आमच्या घरात कुठलीच वस्तू एका बाजूनं मरत नाही. शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून उलटी लावून घ्यायची. चादर मधोमध विरली की बायको ती उभी फाडते, दोन्ही कडा मध्ये आणून शिवते आणि त्या शिवणीवर आम्ही आणखी चार वर्षं झोपतो. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. अर्धं शिल्लक असलेलं काही टाकून द्यायचं म्हटलं की मला तो हिशेबच पटत नाही.

आमची मुलगी चितेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर लोकांच्या मालातल्या चुका काढते; केसाएवढा फरक तिला दिसतो. स्वतःच्या पगारातून तिनं स्पोर्ट्स मोटारसायकल घेतली. टाकीवर ओणवं होऊन चालवायची ती गाडी. मागच्या माणसासाठी पोस्टकार्डाएवढी सीट. मुकुंदवाडी ते चितेगाव रोज जाऊन-येऊन. एके दिवशी ती म्हणाली, "पप्पा, पुढचा टायर उजवीकडून पार गुळगुळीत झालाय. रविवारी माझी ड्यूटी आहे, मी कंपनीच्या बसनं जाईन. तुम्ही तेवढा बदलून आणा."

मी खाली जाऊन पाहिलं. उजवी बाजू खरंच चोपडी झाली होती. पण डावीकडं? डावीकडं चांगलं जाड रबर! अर्धा टायर नवा आणि ही म्हणते, बदला.

तेवढ्यात शेजारचे साहेब आलेच. या माणसानं आयुष्यात स्कूटरच्या पुढं मजल मारली नाही, पण मत प्रत्येक गाडीवर. दोन मिनिटं वाकून टायर पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, यात टायरचा दोष नाय. बाईमाणसाचा तोलच उजवीकडं जातो."

"हे कुठं वाचलं?"

"वाचायचं काय त्यात? दिसतंय की."

मला हसू आलं. पण खरं सांगतो, थोडंसं पटलंही. दुसऱ्याच्या पोरीबद्दल असतं तर हसलो असतो आणि विसरलो असतो.

रविवारी गाडी घेऊन आमच्या नेहमीच्या टायरवाल्याकडं गेलो. मुलगी त्याला चाचा म्हणते आणि गाडीच्या बाबतीत बापापेक्षा त्याचं जास्त ऐकते, हे मला आधीच खुपत होतं. मी त्याला साहेबांचं संशोधन ऐकवलं. त्यानं चष्मा वर सरकवला आणि तळहात तिरका धरला.

"देखो मास्टरसाब. रोड बीच में ऊंचा, बाजू को ढाल, पानी उतरने के वास्ते. अपन चलते लेफ्ट से. गाडी सीधी, रोड तिरछा. तो टायर का कौनसा बाजू घिसेंगा?"

असले प्रश्न मी पोरांना विचारायचो आणि उत्तर आलं नाही की फळ्याकडं तोंड करून उभं करायचो. आता मीच टायरकडं तोंड करून उभा होतो.

"राइट," त्यानंच सांगितलं. "और राइट का मोड लंबा रहता, स्पीड में लेते. लेफ्ट का छोटा, धीरे लेते. गोल चौक में भी राइटकोच घूमना. बच्ची अच्छी चलाती. टायर बदल दो, बस."

मी म्हणालो, "बदलायचा कशाला? काढा आणि पलटी करून बसवा. झिजलेली बाजू डावीकडं, जाड बाजू उजवीकडं. हिशेब बरोबर."

त्यानं टायरच्या अंगावरचा बाण दाखवला. "ये तीर देखो. टायर इसीच तरफ घूमना. उल्टा बिठाये तो बारिक नाली पानी नहीं फेकती. और जो बाजू खतम, वो खतमच है. नक्को मास्टरसाब."

अस्सा राग आला मला! भूमिती शिकवलेल्या माणसाला हा बाण दाखवतो! गाडीला किक नव्हती म्हणून, नाहीतर जोरात मारून निघालो असतो. बटण दाबून निघालो. बायपासला एक दुकान आहे, तिथं ट्रॅक्टरपासून हातगाडीपर्यंत सगळ्यांचे टायर निघतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. तिथल्या माणसानं बाण पाहिला नाही, मी दाखवला नाही. अर्ध्या तासात पलटी. कॉलर उलटून आल्यावर होतो तसा आनंद मला झाला.

संध्याकाळी मुलीनं विचारलं, "टायर तोच दिसतोय?"

"तुझ्या चाचानंच सांगितलं, अजून चालंल. सेट करून दिलाय."

चाचा म्हटल्यावर तिनं पुढं विचारलंच नाही. सकाळी साडेसहाला हेल्मेट घालून गेली. बाहेरच्या मालाची तपासणी करायची, घरच्या माणसाची कशाला, असं वाटलं असेल तिला.

सोमवारी ती म्हणाली, "गाडी डावीकडं वळताना कशीतरीच वाटतीय." मी पेपरातून तोंड न काढता म्हणालो, "तू लई झुकतीस." मंगळवारी ती कोपराला पट्टी बांधून घरी आली. पँट गुडघ्यावर फाटलेली, डावा आरसा गायब. कारखान्याच्या गेटात डावीकडं वळताना टँकरचं सांडलेलं पाणी होतं. पुढचं चाक सटकलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वेळेत ब्रेक मारला, म्हणून ती हे सांगायला उभी होती.

बायको रडायला लागली. आणि ही पोरगी आम्हाला म्हणते कशी, "माझीच चूक. पप्पा सांगत होते, जास्त झुकू नको."

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. संध्याकाळी साहेब विचारपूस करायला आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं ना मास्तर, तोलाचं?" मी मान हलवली. लाज वाटायला हवी होती, वाटली पण. पण मान हललीच.

बुधवारी ती म्हणाली, "चाचाला एकदा चाक दाखवून येऊ, रिम वाकली असेल." मी लई कारणं सांगितली, एकही चाललं नाही. गेलो. चाचा वाकला, चाक फिरवलं, थांबला.

"ये उल्टा किसने बिठाया?"

"तुम्हीच ना चाचा, रविवारी? चालंल म्हणालात."

"मैं? मैं तो बोला बदल दो. ये भी बोला, बच्ची अच्छी चलाती."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "मी केलं. दुसरीकडून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला गप्प करायची मला सवय आहे. ती चाकाशी उकिडवी बसली, बाणावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि तशीच बसून विचारलं, "काल शेजारचे काका माझ्या तोलाबद्दल बोलत होते, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तुम्ही मान हलवलीत."

नवा टायर बसला. बाण कुठल्या दिशेला आहे ते तिनं स्वतः दोनदा पाहिलं. मग म्हणाली, "बसा." मी त्या पोस्टकार्डावर बसलो. पोरगी खरंच अच्छी चलाती. घरी आल्यावर आधी मी साहेबांचं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तरी पण मास्तर..." मी दार त्यांच्या तोंडावर लावलं. दार त्यांचंच होतं.

ती आता माझ्याशी नीट बोलते, चेष्टाही करते. फक्त मी आणलेलं दूध घेतलं की पिशवीवरची तारीख बघते. गॅसचं बटण मी बंद केलं की एकदा जाऊन पाहून येते. क्वालिटीत आहे ना, सवयच असते त्यांना, असं मी बायकोला सांगतो. बायको हसत नाही.