टॉवेलाखाली ठरलेली पोटगी

माझ्या मुलीला मिळाला तसा नवरा वैऱ्याच्या मुलीलाही मिळू नये, आणि सोडचिठ्ठीनंतर तो जसा निघाला तसा बाप प्रत्येक लेकराला मिळावा. दोन्ही माणसं एकच. माझा जावई घोटीच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरचं काही नाही. पण बैलांत राहून माणसांत कसं वागायचं हेच तो विसरला होता. नवा माणूस भेटला की आधी त्याच्या दातांकडे बघायचा. मुलगी बघायला आला तेव्हा तिला चालून दाखवायला सांगितलं. तसं तर तेव्हा सगळेच सांगायचे, पण हा खाली वाकून तिच्या टाचा बघत होता. आम्हाला वाटलं, पोरगा लाजतोय.

बाजारात जे म्हातारं जनावर कुणी घेईना, ते हा घरी आणायचा. दावणीला बैल वाढत गेले आणि माझ्या मुलीची आधी पोत, मग बांगड्या कडब्यात गेल्या. शेवटी ती लहानग्या नातीला कडेवर घेऊन माझ्याकडे पंचवटीत आली. म्हणाली, "सवतीशी नांदले असते, आई. बैलांशी नाही नांदवत." मी म्हटलं, "बरं केलंस. शिलाई मशीन कोपऱ्यात आहे, बस." ही नव्वदनंतरची गोष्ट. सोडचिठ्ठी झाली, पण पोरीच्या खर्चाचं ठरेना. शिलाईवर दोघींचं पोट भरलं असतं, शाळा झाली नसती.

मग आमच्या घरी बैठक बसली. त्याचा थोरला भाऊ आला. घरची कमाई सगळी त्याच्या हातात. तो म्हणाला, "पोरगी तुमच्याकडं, खर्च तुमचा. लय तर महिन्याला दीडशे देऊ." मी म्हटलं, "तीनशे. दीडशेत तुमचा एक बैल तरी जेवतो का?" जावई भावाशेजारी बसला होता. भाव तोंडानं बोलायचा नाही हा त्याच्या धंद्याचा नियम. बैलाचा सौदा दोन माणसं टॉवेलाखाली हात धरून करतात. एक बोट धरलं की शंभर, दोन धरली की दोनशे. भोवतीच्यांना कळू द्यायचं नसतं. माझे वडील बैल घ्यायला जायचे, त्यामुळे मला हे लहानपणापासून ठाऊक. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि म्हणाला, "मामी, हात द्या."

सासूचा हात जावयानं धरायचा, तोही चार माणसांत! माझी मुलगी पदरात तोंड घालून हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मी हात दिला. हा मोठ्यानं ओरडला, "नाय जमायचं, मामी! दोनशेच्या वर एक पैसा नाय!" आणि खाली माझी पाचही बोटं घट्ट धरली. मला वाटलं, चुकला. मी हात झटकला. त्यानं पुन्हा पाचही धरली आणि भावाकडे पाठ करून माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मला नाटक येत नाही, तरी कपाळाला हात लावून म्हटलं, "लुटलंत हो मला. बरं, दोनशे तर दोनशे." थोरला भाऊ खूश होऊन दोन कप चहा प्यायला.

त्यानं पाचशे कधी चुकवले नाहीत. दर महिन्याला एका रविवारी यायचा, ओट्यावर बसायचा, आत पाऊल टाकायचा नाही. नातीला आ करायला लावायचा. तिचे दुधाचे दात पडून नवे आले तेव्हा आनंदानं म्हणाला, "मामी, दोनदाती झाली!" ती चिडायची, "पप्पा, मी काय बैल आहे?" "बैल असतीस तर तुला विकली नसती," म्हणायचा. शाळेची फी वाढली की न मागता पैसे वाढवायचा. भावाला चोरून कुठून आणतो म्हणून मी एकदा सरळ विचारलंच. म्हणाला, "म्हातारी जनावरं आणायचं बंद केलं." आत मशीन थांबली. "तेव्हा बंद केलं असतं तर," एवढंच मुलगी म्हणाली, आणि मशीन पुन्हा चालू झाली. तो आला की ती कधी बाहेर यायची नाही.

नात शिकली, तिला पुण्याला नोकरी लागली. जायच्या आधीच्या रविवारी तिनं बापाला सांगितलं, "पप्पा, आता पैसे नका आणू. मला पगार आहे." त्याला आनंद झाला. डोळे पुसले. मग मला म्हणाला, "मामी, म्हणजे आता मी यायचं नाय का?"

मी म्हटलं, "या की. कोण नको म्हणतंय?" पण नात पुण्याला निघालेली, मग तो कुणाकडे येणार, हे त्यालाही कळत होतं. त्या दिवशी चपला घालायला त्याला फार वेळ लागला. मी मागं वळून बघितलं तर माझी मुलगी उंबऱ्यात उभी. मी म्हटलं, "हाक मार."

"काय म्हणून मारू?" ती म्हणाली. "अहो म्हणता येत नाही, नावानं कधी बोलावलं नाही."

तोवर तो गल्लीच्या कोपऱ्यावरून वळला होता.