वीरगळाशेजारचा धोंडा

धाड गावच्या सोजराबाईचा अर्धा जन्म ढोरं हाकलण्यातच गेला. तिच्या वांग्याच्या वाफ्याला लागून एक वीरगळ उभा होता. शेकडो वर्षांपूर्वी चोरांपासून गाई सोडवताना मेलेल्या कोण्या शूराचा तो कोरीव दगड. गावची ढोरं मात्र रोज त्यालाच अंग घासत. त्याची तलवार झिजली, मिशा गेल्या, तरी गावातल्या एकानेही कधी काठी उचलली नाही.

बासष्ट साली वैतागून तिने शेजारी एक खरबरीत धोंडा पुरला. "घासा मेल्यांनो इथं, आन त्याले सोडा!"

आणि खरंच, ढोरं धोंड्याकडे वळली. सोजराबाई आठ दिवस सुखाने जेवली.

नवव्या दिवशी पाहते तर धोंड्याला शेंदूर! पुढ्यात नारळ फुटलेला, आणि शेजारचे भगवंतराव काठी घेऊन गाई हाकलत उभे.

"हे काय वो भाऊ?"

"देवाले ढोरं घासून राह्यली ना बाई! आपण नाही राखलं तं कोण राखीन?"

"आन त्याले कोण राखीन?" तिने वीरगळाकडे बोट केलं. हाकललेली गाय तिथे जाऊन वीराच्या उरल्यासुरल्या नाकावर मान घासत होती.

"त्याचं काय," भगवंतराव म्हणाले, "त्याले सवय हाये."