खुरसापाशी आम्ही दोघी

फोन आला तेव्हा मी ओले काजू सोलत बसले होते. हात चिकाने काळे झालेले, म्हणून सुनेने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे इजाबेलचा मुलगा रडत होता. "काकी, आई गेली..." मालवणला इस्पितळात होती, पण परवा तर जेवली होती म्हणे. फोन बंद झाला तरी मी काजू सोलतच राहिले. दुसरं काय करायचं ते सुचेना.

इजाबेल माझी शेजारीण. मी लग्न होऊन आले तेव्हा वाडीत क्रिस्तांवांची बरीच घरं होती. मग कुणी मुंबईला गेलं, कुणी आखातात. एकेका घराला कुलूप लागत गेलं आणि शेवटी त्या धर्माची एकटी इजाबेल उरली. पण वाटेवरच्या क्रुसापुढे, आमच्या बोलीत खुरसापुढे, मे महिन्यात लादाईन व्हायची म्हणजे व्हायची. एकाने संतांची नावं ओळीने घ्यायची आणि बाकीच्यांनी दर नावाला लॅटिनमध्ये 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचं, म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर. मग उकडलेले चणे. आम्ही हिंदू बायकापोरं चण्यांसाठीच जमायचो, हे कशाला लपवू! एकदा माझ्या सासूबाईंनी देवळातल्या गाऱ्हाण्याला होकार भरायच्या सवयीने संताच्या नावाला हात जोडून खणखणीत उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!" सगळे खो खो हसले. इजाबेल तेवढी हसली नाही. "ऱ्हवांदे," म्हणाली, "पोचला तेका."

पुढे चण्यांचं कौतुक सरलं आणि माणसंही येईनाशी झाली. एका वर्षी फादर घरी आले आणि समजुतीने म्हणाले, "बाई, एका माणसासाठी वेगळी लादाईन कशाला? मोठ्या चर्चला येत जा." ही फटकन म्हणाली, "मी येतलंय फादर, पण ह्यो खुरीस खंय येतलो?" फादर हसून गेले. ती मात्र संध्याकाळी माझ्या ओट्यावर आली ती चेहरा पाडूनच.

"गो सुमती, नावां घेवक मी आसंय. पण उत्तर देवक कोण नसला तर ती लादाईन कसली?"

"मी आसंय मां," मी म्हटलं.

तेव्हापासून आम्ही दोघीच. मी तुळशीपुढे दिवा लावून खुरसाकडे जायची. त्या एका उत्तरापलीकडे अर्थ मला ओ की ठो कळत नसे. ती नाव घ्यायची, मी उत्तर द्यायची. तिचा आवाज चिरका होता आणि माझा तर विचारूच नका.

तिला मोठ्या चर्चमागे पुरलं. तिथल्या मंडळींनी सगळं रीतसर, मायेनं केलं. गाणी मराठीत झाली. लॅटिन आता कुणी म्हणत नाही. मी भिंतीशी उभी होते. एका बाईने विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" काय सांगणार... शेजारीण, म्हटलं. इतकं एकटं मला माझ्या माणसांच्या मरणातही वाटलं नव्हतं.

मे लागला. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "काकी, मेणबत्ती तेवढी लावा." तिन्हीसांजेला गेले, लावली, पायरीवर बसले. संतांची नावं मी कधी पाठ केलीच नव्हती. घेणारी होती ना! मला फक्त उत्तर येतं. मेणबत्ती अर्धी झाली. मग मला जे एक नाव येत होतं ते घेतलं.

"इजाबेल," मी म्हटलं. आणि उत्तरही मीच दिलं, "ओरा प्रो नोबिस."