परक्या सुताला मारलेली गाठ

देवी माझी हाक ऐकेल, असं तेव्हा मला वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. देव मानत नव्हते असं नाही. पण शहापूरच्या कोष्टी गल्लीतली ही बनशंकरी, हिची आरती कानडी, हिचा पुजारी कानडी, आणि मी येवल्याची. हिला माझं बोलणं तरी कळेल का, अशी शंका मला खरंच यायची. शाळा माझी तिसरीत सुटली आणि आईनं मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं, त्यामुळे माझी अक्कल तेवढीच.

येवल्यात माग बंद पडत चालले म्हणून आम्ही इकडे आलो. ह्यांना एका मालकाकडे मागावर काम मिळालं आणि गल्लीच्या टोकाला एक खोली. मी तेव्हा गरोदर होते. पहिलं मूल येवल्यातच गेलं होतं. पोटात आडवं आलं होतं, मीच कशीबशी वाचले. हात धुता धुता आमची सुईण म्हणाली होती, "पुढच्या खेपेला माझ्या भरवशावर राहू नको बाई, डॉक्टरीण गाठ." ते तिचं बोलणं कांडी भरताना, भाकरी थापताना सारखं कानात असायचं. मूल हललं की आनंद व्हायचा आणि लगेच भीती वाटायची.

बेळगावात बायकांचा दवाखाना आहे असं कळलं तेव्हा हे मला घेऊन गेले. आमचं शहापूर सांगली संस्थानातलं आणि बेळगाव इंग्रजांचं, म्हणून आम्हाला घेतील की नाही हीच धाकधूक होती. पण नर्सबाईंनी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्याबरोबर कोण राहणार? जवळ बसायला, घरचं जेवण आणायला बाई माणूस लागतं. पुरुषांना आत सोडत नाही." मी म्हटलं, आई येवल्याला, ती अंथरुणाला खिळलेली, सासू नाही, नणंद नाही. "मग गल्लीतली कोणी आण. बाई आणलीस की नाव लिहून घेते." बाई वाईट नव्हत्या, मला पाणीसुद्धा दिलं त्यांनी. पण गल्लीत मी कोणाला विचारणार? बायका हसायच्या, बोलायच्या, पण नाव कोणी घेत नसे, सगळ्यांची मी येवलेवाली. "काय गं येवलेवाली, तुमच्याकडं भाकरीला पण जरीचा काठ लावत्यात म्हणं?" एवढीच काय ती ओळख. तेवढ्या ओळखीवर कोणाला म्हणू, की माझ्या बाळंतपणाला येऊन बसा?

असेच दिवस जात होते. एका सकाळी भाजीला म्हणून शेपू आणला होता. बनशंकरीला पालेभाज्या वाहतात हे मी बघितलं होतं, म्हणून त्यातली अर्धी जुडी काढली. बांधायला काही सापडेना, तेव्हा येवल्याहून आणलेला पैठणीच्या काठाचा जांभळा रेशमाचा तुकडा घेतला आणि आमच्याकडे मारतात तशी दुहेरी गाठ मारली. देवळात जाऊन ती जुडी ठेवली. कानडी येत नव्हतं, म्हणून मराठीतच म्हटलं, "आई, मला एक माणूस दे." दुसरं काही सुचलंच नाही. रडू आलं, डोळे पुसले आणि निघाले.

परत येताना गल्लीत आक्काची पांजणी चालली होती. सगळी गल्ली जिला आक्का म्हणायची ती ही म्हातारी कोष्टीण. अंगानं वाळकी, आवाज मात्र साऱ्या पेठेला पुरेल असा. पांजणी म्हणजे ताणा, मागावरचं उभं सूत, रस्त्यावर लांबच लांब ताणून त्याला खळ लावायची, कुंच्यानं ती सारखी करायची आणि ऊन चढायच्या आत सुकवायची. शेजारच्या बायका कुंचे मारत होत्या. तेवढ्यात वाऱ्याची वावटळ आली, ताणा हेलकावला आणि माझ्या समोरच एक धागा तुटला. दोन्ही टोकं लोंबायला लागली. आमच्या येवल्यात तुटलेला धागा दिसला की तो कोणाचा हे कोणी बघत नाही, हात आपोआप जातो. माझाही गेला. मी टोकं ओलसर केली, गाठ मारली आणि पुढे निघाले.

"ए येवलेवाली!" आक्का ओरडली. "कुणी सांगितलं तुला हात लावाय?"

"धागा तुटला होता, आक्का."

"तुटू दे की! माझा धागा हाय, मी बघीन. इचारायचं न्हाय, पुसायचं न्हाय, आली आणि सांधून मोकळी!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. एकजण म्हणाली, "घ्या आक्का, ह्या वयात लेक झाली तुम्हाला!" आणि सगळ्या हसत सुटल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं, की माणूस मागायला गेले आणि होत्या त्या चार ओळखीही घालवून बसले. घरी येऊन दार लावून घेतलं. देवीला माझी भाषा कळली नाही, हे मनात पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी पाय सुजले आणि डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. ह्यांनी मला टांग्यात घातलं आणि दवाखान्यात आणलं. नर्सबाईंनी बघितलं, लगेच बाकावर निजवलं, पण विचारलंच, "बाई आणलीस का बरोबर?" ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. मला आठवतं, त्या क्षणी मी मागणंसुद्धा सोडलं. म्हटलं, आई, आता तुझं तू बघ, मला काही सुचत नाही.

आणि दारातून तो आवाज आला. "घराला कुलूप! सांगून जायचं न्हाय का? सगळी गल्ली पालथी घातली मी, तवा कुणीतरी टांगा इकडं गेला म्हणून सांगितलं!" आक्का घामानं भिजली होती, काखेत गाठोडं होतं. नर्सबाईंसमोर उभी राहून म्हणाली, "मी हाय हिच्याजवळ. लिवा."

"आपण हिच्या कोण?"

"आई."

"मागच्या खेपेला तर ही म्हणाली, इथं कोणी नाही."

"तिला काय ठावं? कालच झाले."

नंतर मला उलगडा झाला. ह्या गल्लीत पांजणीतला तुटलेला धागा जी परकी बाई सांधते, ती त्या घरची लेक होते आणि तिचं बाळंतपण त्या घराला करावं लागतं. म्हणून कोणी कोणाच्या धाग्याला सहज हात लावत नाही, आधी विचारतात. मी विचारलं नव्हतं. मी न विचारता आक्काच्या पदरात जाऊन पडले होते. तिचं ते ओरडणं म्हणजे एकाएकी आई व्हावं लागलेल्या बाईचं ओरडणं होतं.

मला तिथंच ठेवून घेतलं. मूल पुन्हा आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते कसं फिरवलं ते त्यांना ठाऊक, मला फक्त बाहेरून आक्काचा आवाज येत होता. ती कानडीत बनशंकरीशी भांडत होती. शब्द एकही कळत नव्हता, तरी सगळं कळत होतं. मग बाळ रडलं. मुलगी. आक्का आत आली, तिला बघून म्हणाली, "नाक आजीवर गेलंय," आणि माझ्या आधी तीच रडली.

ती आली त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. मला निजवल्यावर तिनं गाठोडं सोडलं आणि त्यातून शेपूची जुडी काढली. जांभळ्या रेशमानं बांधलेली, दुहेरी गाठीची. "देवळात पुजाऱ्यानं परसाद म्हणून दिली. म्हटलं पोटुशीला बरी." मी नुसती त्या गाठीकडे बघत राहिले. पुढे कितीतरी दिवसांनी आक्काला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बघ की! तुझीच भाजी तुला पोचवाय देवीनं मला बेळगावापतोर पळीवलं."

ह्याला कोणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी वाद घालत नाही, मला तेवढं शिक्षण नाही. मला एवढंच दिसतं, की मी मागत होते तेव्हा हात जोडलेले होते आणि मिळालं ते हात दुसऱ्याच्या सुताकडे गेले तेव्हा. जी माझी चूक म्हणून मी दार लावून बसले, तीच देवीनं मला आक्काकडे न्यायची वाट केली होती. आता काळजी वाटली की वाटू देते, कारण स्वभाव जात नाही. पण मग देवीवर सोडते आणि कामाला लागते.

आक्का आता नाही. माझ्या घरची पांजणी आता मी करते. कोणी नवी सून, कोणी परगावची बाई लाजत कडेनं जाताना दिसली आणि नेमका धागा तुटलेला असला, तर मी तो सांधत नाही. कुंचा मारता मारता दुसरीकडे बघते आणि वाट पाहते.