मुळाला हात घालणारे भाई

"मुळाक हात घाल रे, मुळाक!" असं म्हणत भाई कान पुढे करायचे. फणस असो, कुणाची स्कूटर असो की सभेतला माइक. भाईंनी कान लावलाच आणि तिथल्या तिथे निदान सांगितलंच. निदान पुष्कळदा चुकायचं. भाई कधीच नाही.

पेडण्यात आम्ही शेजारी. गोवा घटक राज्य नुकतंच झालं होतं, मराठी की कोंकणी हा भाषेचा वाद मात्र तापलेलाच होता. मराठीच्या बाजूने आमच्या भागात भाईंसारखा वक्ता नव्हता. मला पत्रकं लिहायला त्यांनीच शिकवलं. वाक्य आवडलं की पाठीवर थाप पडायची. त्या थापेसाठी मी पुन्हा पुन्हा लिहायचो.

मस्कतच्या मुलाने त्यांना कपडे सुकवायचा ड्रायर दिला होता. दसऱ्याला भाईंनी त्याची पूजा केली, तीही पिंपाच्या आत. "काम भितर जाता, पूजा भायर कित्याक?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा होती आणि बाहेर परतीचा पाऊस. आक्काताईने भाईंचा कुडता धुऊन ड्रायरमध्ये घातला. यंत्र असं खडखडलं की मांजर पळालं. आक्काताई कोल्हापूरकडची, भाईंच्या घरी धुणंभांडी करायची आणि नवऱ्यासह मागच्या खोपीत राहायची.

भाईंनी ड्रायरला कान लावला. "बटण! हिणें खिसो झाडूंक ना. ह्या घाट्यांक यंत्रां कितें कळटलीं?" घाटावरच्यांना आमच्याकडे हा शब्द असाच थुंकल्यासारखा फेकतात.

"मालक, खिसं झाडूनच घालतो की मी," आक्काताई म्हणाली.

"खोप आजच रिकामी कर."

ती बोचकं बांधायला गेली. मी नवं पत्रक घेऊन आलो होतो. ते बाजूला ठेवून ओला कुडता बाहेर काढला आणि पिंप हाताने फिरवलं. दर फेऱ्याला एकाच जागी टक् व्हायचं. तिथली पट्टी सैल केली, तर खालून कुंकू लागलेली सुपारी निघाली. कालच्या पूजेतली.

आक्काताई बोचकं घेऊन दारात उभी होती. तिनेही पाहिली.

भाईंनी सुपारी डोळ्यांना लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

"तिका राव दे मगे," भाईंच्या पत्नी, काकी म्हणाल्या. "तिचें कितें चुकलें?"

"घाट्यांसमोर शब्द फाटीं घेवं हांव?"

"भाई, मूळ सापडलं ना? मग?" माझा आवाज चढला.

"सांपडलें म्हूण तर मशीन चलतलें. पत्रक हाडलां?" ते उचलून त्यांनी मोठ्याने वाचलं: "'जो मराठी बोलतो, तो आमचा.' वा!" पाठीवर थाप पडली. माझ्या अंगावर पाल पडावी तशी किळस आली.

आक्काताईने बोचकं खाली ठेवलं, ओला कुडता पुन्हा आत घातला आणि बटण दाबलं. यंत्र मुकाट फिरू लागलं. मग बोचकं उचलून ती नवऱ्याबरोबर पावसात म्हापशाच्या बसकडे गेली.

त्यानंतर मी भाईंची पायरी चढलो नाही.

आता भाई नाहीत. त्यांचं नाव निघालं की लोकांना सभेतली भाषणं आठवतात. मला त्या संध्याकाळचे भाई दिसतात: ऊन ऊन, कोरडा कुडता अंगात चढवून, छत्री उघडून, मायमराठीवर बोलायला निघालेले.