जाऊबाईंची क्लच नसलेली गाडी

माझे मोठे दीर सिंगापूरची नोकरी संपवून नेरूळला, आमच्याच सोसायटीत राहायला आले, तेव्हा सामानाबरोबर एक जुनी जपानी गाडीही आली. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सोसायटीत गाड्याच मोजक्या, त्यात ऑटोमॅटिक ही एकच. येणारे-जाणारे खिडकीतून डोकावून क्लच शोधायचे.

जाऊबाईंना त्याची गंमत वाटत नसे. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या डाव्या पायात जोर नाही. क्लच दाबता येत नाही, बसची पायरी चढवत नाही. या गाडीला दोनच पेडल आणि दोन्ही उजव्या पायाची. तुर्भ्याला बायकांना शिवण शिकवायला त्या स्वतः गाडी घेऊन जात. कुणाला "सोडता का?" म्हणायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही.

डिसेंबरात गाडी बिघडली. साठच्या पुढे गेली की इंजिन ओरडायचं, आणि पेट्रोल तर पाण्यासारखं प्यायची. गॅरेजवाल्याने फेरी मारून हात वर केले. "साहेब, ऑटोमॅटिक आपण कधी खोललाच नाय. पार्ट पण भायेरून मागवायला लागतील. विकून टाका." भाऊजींनी लगेच पनवेलचं एक गिऱ्हाईक शोधलं. रविवारी दहाला ते बघायला येणार होतं. त्या दिवशी जाऊबाईंच्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं.

शनिवारी मला हे कळलं. घरातलं काहीही बंद पडलं, मग तो गीझर असो की पंप, माझे प्रश्न ठरलेले असतात: कधीपासून, नेमकं कुठे आणि त्याच सुमारास नवीन काय आलं? रविवारी सकाळी भाऊजींना मागच्या सीटवर बसवलं, जाऊबाईंना स्टिअरिंगवर, आणि आम्ही सायन-पनवेल रस्त्याला लागलो.

साठला इंजिन ओरडू लागलं आणि माझा डावा हात आपोआप हलला. आमच्या छोट्या गाडीत मी अशा वेळी वरचा गिअर टाकते.

"वहिनी, ही तिसऱ्यातच अडकलीय. चौथ्यात जातच नाही."

"मग गिअरबॉक्सच गेला ना," मागून भाऊजी.

"आणि हा पिवळा दिवा कसला? ओ/डी ऑफ."

"ऑफ लिहिलंय म्हणजे काहीतरी बंद आहे. बंद असलेल्याची कसली काळजी? लाल असता तर बघितलं असतं," भाऊजी म्हणाले.

"हा लागला कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"तेव्हा गाडीत नवीन काय आलं?"

"काही नाही," भाऊजी म्हणाले. जाऊबाईंनी मात्र गाडी कडेला घेतली आणि गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. त्यांच्या घरी फोनला, मिक्सरला, फ्रीजच्या हँडललाही क्रोशाचं कव्हर आहे. गिअरच्या मुठीवर नवं कोरं मोरपिशी टोपडं होतं, खाली गोंडा लावलेलं.

"घट्ट बसलंय," त्या पुटपुटल्या. "ओढून ओढून चढवलं होतं मी."

मी ते उतरवलं. मुठीच्या बाजूला एक छोटं बटण होतं, टोपडं चढवताना दाबलं जाऊन बाहेर आलेलं. दाबलं. दिवा विझला.

पुन्हा रस्त्याला लागलो. साठ, पासष्ट, आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला.

ही गाडी पुढचे गिअर तेलाच्या दाबावर आपले आपण बदलते. तिसऱ्यात इंजिनाच्या एका फेऱ्याला चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचाही एकच फेरा होतो. त्यावरचा चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह, दिव्यावरचं ओ/डी. त्यात दांडा इंजिनापेक्षा जास्त फिरतो. त्यामुळे तोच वेग राखून इंजिन सावकाश चालतं आणि पेट्रोल वाचतं. पण या गिअरला ओढ कमी. घाटात चढावर गाडी तिसऱ्या-चौथ्यात सारखी चढउतार करत बसते, म्हणून तो बंद ठेवायची सोय ते बटण करतं.

"हाताच्या मशीनसारखंच की," जाऊबाई म्हणाल्या. "दांडा एकदा फिरवायचा, सुई तीनदा खाली-वर. जाड कापड आलं की मात्र जड जातं."

"म्हणजे तुझ्या टोपड्याने मी पंधरा-वीस दिवस घाटातल्यासारखी गाडी चालवतोय!" भाऊजी उखडले. मग जरा विचार करून म्हणाले, "पण आता गाडी ठणठणीत आहे. किंमत चांगली येईल."

जाऊबाईंनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "उद्यापासून तुर्भ्याला मला तुम्ही सोडणार? आणि दुपारी आणायलाही येणार?"



सोसायटीत पोचलो तेव्हा गिऱ्हाईक फाटकाशी उभंच होतं. जाऊबाईंनी गाडी एका दमात रिव्हर्स लावली आणि काच खाली केली. "माफ करा हं, गाडी द्यायची नाही. वर या, पोहे खाऊन जा."

त्याने भाऊजींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" भाऊजी दार उघडत म्हणाले. "मी मागच्या सीटवरचा माणूस."